सिंधू जलकरार : स्थगित, निलंबित की तहकूब?

नाशिकच्या एका विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने विचारले आहे : "आमच्याकडे मराठीतून अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट) होणार आहे. विषय सिंधू जलकरार. भारताने हा करार 'अबेयन्स'मध्ये ठेवला, याला मराठीत कुणी 'स्थगित' लिहिते, कुणी 'निलंबित', तर कुणी चक्क 'रद्द'. माझे काका दिवाणी वकील आहेत, ते म्हणतात 'तहकूब' म्हण. यातला बरोबर शब्द कोणता?"

ताई, आधी 'रद्द' बाद करा. पहलगामच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिल २०२५ रोजी, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी जे जाहीर केले त्यात करार संपवल्याचे कुठेही म्हटलेले नाही. पाकिस्तान सीमेपलीकडच्या दहशतवादाला असलेला पाठिंबा खात्री पटेल अशा रीतीने आणि कायमचा सोडत नाही, तोवर सिंधू खोऱ्यातल्या नद्यांच्या पाण्याबद्दलचा भारत-पाकिस्तानमधला १९६० चा करार अबेयन्समध्ये राहील, असा त्याचा आशय होता. त्यातले 'तोवर' महत्त्वाचे. ज्याला 'तोवर' जोडता येते ते रद्द झालेले नसते.

खुद्द 'अबेयन्स' हा इंग्लंडच्या जुन्या मालमत्ता कायद्यातला शब्द. जमिनीचा किंवा सरदारकीचा वारस ठरलेला नसला की ती अबेयन्समध्ये आहे असे म्हणत. हक्क बुडालेला नाही, पण आज तो कुणाच्या हातातही नाही. आंतरराष्ट्रीय करारांच्या कायद्यात मात्र या शब्दाला जागाच नाही. करारांच्या कायद्याविषयी १९६९ मध्ये व्हिएन्ना येथे झालेली संहिता दोन मार्ग सांगते : करार संपुष्टात आणणे आणि कराराचा अंमल काही काळ निलंबित करणे. भारत त्या संहितेचा पक्षकार नाही, पाकिस्तानने सही केली पण अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम मंजुरी, दिले नाही. तरीही तिच्यातले बरेचसे नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून सगळ्या राष्ट्रांना लागू धरले जातात. मग दिल्लीने संहितेत नसलेला शब्द का निवडला? या विषयाच्या अभ्यासकांत आज जो वाद रंगला आहे त्याचे मूळ इथेच आहे, आणि तुमच्या प्रश्नाचेही.

आता काकांचा 'तहकूब'. शब्द अस्सल आहे, कोर्टकचेरीत आणि सभागृहात मुरलेला आहे. पण तहकूब होते ते कामकाज : सभा, सुनावणी, बैठक. विधानसभेचे कामकाज तासाभरासाठी तहकूब होते, अधिवेशन संपले की राज्यपाल ते संस्थगित करतात, आणि मुदत संपली की विधानसभाच विसर्जित होते. तीन पायऱ्या, तीन शब्द, आणि त्यांत कधी गल्लत होत नाही. करार हे कामकाज नव्हे, ते बंधन आहे. बंधन तहकूब होत नाही. सिंधू आयोगाची बैठक तहकूब झाली असे म्हणा, करार तहकूब झाला असे म्हणू नका.

'निलंबित' या शब्दाला मी सगळ्यात जास्त मान देतो, कारण त्याचा मराठीतला अर्थ आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातला अर्थ आश्चर्य वाटावे इतके जुळतात. निलंबित कर्मचारी नोकरीतून गेलेला नसतो. तो कामावर येत नाही, पण त्याला निर्वाह भत्ता मिळतो, सेवेचे नियम त्याला लागू राहतात आणि चौकशीत सुटला तर त्याच खुर्चीवर परत बसतो. व्हिएन्ना संहितेचे ७२ वे कलम करारांबद्दल हेच सांगते : निलंबनाच्या काळात पक्षकारांना कराराप्रमाणे वागण्यापासून सूट मिळते, पण त्यांच्यातले बाकीचे कायदेशीर नाते तसेच राहते, आणि करार पुन्हा सुरू होण्याच्या आड येईल असे कृत्य त्यांनी करायचे नसते. मात्र निलंबनाला रीत आहे. समोरच्याला कारणांसह कळवावे लागते, आणि विशेष निकड नसेल तर किमान तीन महिने थांबावे लागते. तेव्हा 'भारताने करार निलंबित केला' असे तुम्ही म्हणालात की न्यायाधीशांचा पुढचा प्रश्न ठरलेला : कोणत्या कलमाखाली? साठाव्या कलमाखाली, गंभीर कराराभंगाच्या कारणाने? की बासष्टाव्याखाली, परिस्थिती मुळातून बदलली म्हणून? शब्द उच्चारला की त्याच्या मागून सगळी जबाबदारी येते.

'स्थगित'ची गोष्ट वेगळी. संस्कृतात 'स्थगित' म्हणजे झाकलेले, दडवलेले. 'ठग' हा शब्दही याच कुळातला. मराठीत तो 'थांबवून ठेवलेले' या अर्थाने स्थिरावला आणि न्यायालयाने त्याला 'स्थगिती' म्हणून पक्के घर दिले. नाशिकच्या न्यायालयात अजूनही 'स्टे मिळाला', 'स्टे उठला' असेच ऐकू येते, पण छापताना स्थगिती. मात्र स्थगिती एक अधिकारी देतो आणि ती दुसऱ्याच्या कृतीला असते. तहसीलदाराच्या आदेशाला प्रांत स्थगिती देतात, शासनाच्या निर्णयाला उच्च न्यायालय देते. करारातल्या दोघांपैकी एकाने स्वतःच्याच बंधनाला स्थगिती द्यावी, हे मराठी कानाला खटकले पाहिजे. म्हणून 'करार स्थगित केला' पेक्षा 'करार स्थगित ठेवला' हे मला कितीतरी बरोबर वाटते.

इथे क्रियापदाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत काय झाले ते आठवा. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. चिडलेले शेतकरी लिलाव बंद पाडतात. आवकच नसली तर लिलाव बंद पडतात. समितीने ठराव केला तर लिलाव बंद केले जातात. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या चार क्रियापदांतून कुणी, का आणि कितपत हे सगळे कळते, वेगळे सांगावे लागत नाही. 'ठेवणे' यात तीन गोष्टी येतात : करणारा स्वतः आहे, स्थिती त्याने धरून ठेवली आहे, आणि सोडायची ठरवली तर तोच सोडू शकतो. 'निकाल राखून ठेवला' यातही तेच. मिस्री यांच्या इंग्रजी निवेदनातही करार अबेयन्समध्ये 'धरून ठेवण्याचे'च क्रियापद होते. तेव्हा भारत सरकारने काय जाहीर केले एवढेच सांगायचे असेल, तर 'भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला आहे' हे वाक्य निःशंक वापरा.

आता या 'ठेवला'चा कायद्याशी संबंध. भारताच्या बाजूने काही अभ्यासक म्हणतात की हे करार-कायद्यातले निलंबन नाहीच, हा प्रत्युपाय आहे : समोरच्याने आधी केलेल्या बेकायदा कृत्याला उत्तर म्हणून, एरवी बेकायदा ठरले असते असे पाऊल तात्पुरते उचलणे. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये राष्ट्रांच्या जबाबदारीविषयी जी कलमे तयार केली त्यांत प्रत्युपायाला जागा आहे, पण तो प्रमाणात हवा आणि शक्यतो मागे घेता येण्याजोगा हवा. म्हणजे 'ठेवला' या क्रियापदात जे आहे तेच. जून २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी एका मुलाखतीत हा करार पुन्हा कधीच पूर्ववत होणार नाही असे सांगितले. तुम्ही भारताच्या बाजूने उभ्या राहणार असाल तर हे विधान तुमच्यापुढे नक्की टाकले जाईल. कधीच पूर्ववत होणार नसेल तर 'ठेवला' म्हणणे अवघड होते.

शब्द काहीही निवडला तरी न्यायालय परिणाम पाहते, याचे उत्तम उदाहरण डॅन्यूब नदीचे आहे. गाबचिकोवो-नागीमारोस प्रकल्पासाठी हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यात १९७७ मध्ये करार झाला. १९८९ मध्ये हंगेरीने आपल्या हिश्शाची कामे आधी थांबवली, मग सोडून दिली आणि १९९२ मध्ये करारच संपवल्याचे कळवले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हंगेरीचे म्हणणे होते की आम्ही कामे थांबवली होती, करार नव्हे. २५ सप्टेंबर १९९७ च्या निकालात न्यायालयाने ते मानले नाही : या वागण्यातून करारातल्या निदान काही तरतुदी न पाळण्याची इच्छाच दिसते. १९९२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने परस्पर नदी वळवली होती, तेही पाऊल त्याच निकालात प्रत्युपाय म्हणून टिकले नाही, कारण ते प्रमाणाबाहेर होते. नदी, शेजारी, एकतर्फी थांबवणे, सगळे इथे आहे. तुमच्या दोन्ही संघांनी हा निकाल मुळातून वाचावा.

ओघात आलेच आहे तर आणखी एक. सिंधू कराराबाबतचा २७ जून २०२५ चा निर्णय 'आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला' असे लिहू नका. तो सिंधू करारातल्याच तरतुदीनुसार बसलेल्या लवादाचा निवाडा होता. त्याची कार्यालयीन व्यवस्था हेगचे स्थायी लवाद न्यायालय पाहते. भारताने या लवादाची रचनाच कधी मान्य केली नाही आणि निवाडाही फेटाळला. लवाद म्हणाला की कराराच्या मजकुरात एकतर्फी अबेयन्स किंवा निलंबनाची तरतूद नाही, आणि भारताच्या भूमिकेमुळे आमचे अधिकार जात नाहीत. सिंधू कराराच्या बाराव्या कलमानुसार दोन्ही सरकारांनी त्यासाठी मुद्दाम नवा करार करेपर्यंत जुना चालू राहतो. न्यायालय निकाल देते, लवाद निवाडा देतो. गोदावरी पाणी तंटा लवादामुळे हा फरक आपल्याकडे तरी अनोळखी नसावा.

आणि 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द सिंधूला लावण्याचा मोह टाळा. गंगापूर-दारणातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडे तो रोज कानावर पडतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यामागचे तत्त्व ते आहे, आणि १९९७ च्या आंतरराष्ट्रीय जलप्रवाह करारातही आहे. पण १९६० चा करार वाटप करत नाही, वाटणी करतो : रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला, भारताला तिथे ठरावीक मर्यादेतच वापर. भावाभावांत विहिरीच्या पाळ्या लावणे वेगळे आणि वावर वेगळे करणे वेगळे.

तुमच्या लेखी युक्तिवादासाठी माझी शिफारस अशी. घटनाक्रम मांडताना 'स्थगित ठेवला'. पाकिस्तानच्या बाजूने युक्तिवाद करताना 'एकतर्फी निलंबन', कारण तो शब्द समोरच्याला कलम दाखवायला भाग पाडतो. भारताच्या बाजूने 'प्रत्युपाय म्हणून अंमल स्थगित ठेवला', म्हणजे करार उभा आहे आणि थांबला आहे तो फक्त अंमल. पाकिस्तानचा संघ 'अबेयन्स असा प्रकारच कायद्यात नाही' असे म्हणणार असेल तर त्याने एक तयारी करून ठेवावी. भारताच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, २४ एप्रिलला, पाकिस्तानच्या राष्ट्रीय सुरक्षा समितीने १९७२ च्या सिमला करारासह भारताबरोबरचे सगळे द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क सांगितला होता, आणि त्यासाठी वापरलेला शब्दही 'अबेयन्स'च होता.