काकांचा हिशेब

प्रश्न : लोहार चाळीत आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. आजोबांच्या वेळचे एक काका 31 वर्षं 7 महिने नोकरी करून दिवाळीत कायमचे गावी निघालेत. पगार महिना एकरकमी 26,000, बेसिक-भत्ते अशी विभागणी नाही. पूर्वी आमच्याकडे 12 माणसं होती, आता 7च. बाबा म्हणतात, ‘घरचाच माणूस, लाखभर देऊ.’ 60,000ची उचलही बाकी आहे.

उत्तर : लाखभर नव्हे, 4,80,000. माणसं सातच उरली म्हणून ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कायद्यानं द्यायची रक्कम, टळत नाही. 10चा आकडा गाठून ती एकदा लागू झाली की पुढे संख्या घटली तरी सुटत नाही. शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून 32. बरेच जण 26ऐवजी 30ने भागतात. तुमच्या हिशेबात त्यानं 64,000 कमी पडतील. पगारातला अर्धाच भाग ‘बेसिक’ होता, असं ऐनवेळी ठरवू नका. बोनस आणि ओव्हरटाइम मात्र यात येत नाहीत.

उचल ग्रॅच्युइटीतून कापू नका. ती कशी फेडायची ते वेगळं लिहून घ्या. माफ करणार असाल तर तेही लिहूनच. पैसे 30 दिवसांत द्यायचे, नाहीतर व्याज चढतं. आणि बँकेतूनच द्या. एवढी रोख रक्कम खर्च म्हणून आयकरात मान्य होत नाही, शिवाय उद्या काकांच्या मुलानं ‘मिळालेच नाहीत’ म्हटलं तर दाखवणार काय?

खरी अडचण पुढे आहे. उधारी वहीत निम्मी, काकांच्या डोक्यात निम्मी : कोणता वायरमन 10 तारखेला पैसे देतो, कोणत्या कंत्राटदाराला जुनी बाकी फिटेपर्यंत माल द्यायचा नाही, एमसीबीला (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) कुणाला कोणता दर. तीन महिने आधीपासून रोज दुपारी, गर्दी ओसरली की, नव्या मुलाला अर्धा तास त्यांच्याशेजारी बसवा. ते सांगतील ते नावानिशी उतरवू दे. शेवटच्या आठवड्यात काका समोर असतानाच एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून बाकी पडताळा. ते गेल्यावर फोन केलात तर ‘ते तर काकांकडे दिले होते’ हेच ऐकाल.

प्रश्न : दादरला साड्यांच्या दुकानात 19 वर्षं आहे, नेमणूकपत्र नाही. शेठ चांगले आहेत, मुलाचं सांगता येत नाही. नोकरी सिद्ध कशी करू?

उत्तर : बँकेतल्या पगाराच्या नोंदी, पीएफचं पासबुक, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, बोनसची व्हाउचर, तुमच्या अक्षरातली जुनी बिलं. बँकेकडून जुनी स्टेटमेंट आत्ताच मागा. जितकी मागची, तितकी मिळायला कठीण. शेठ गल्ल्यावर बसतात तोवर लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, सही, शिक्का घ्या. ‘नोकरीचा दाखला’ म्हणून मागा. ‘पुरावा’ म्हणालात की शेठ आधी वकिलाला फोन लावतील.