आधी गैरहजेरीची वही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा सावकाश वाचला. दिव्यांग स्त्रियांसाठी फुगडी आणि धालो (गोव्यातल्या बायकांचा गाण्या-नाचाचा लोकखेळ) यांच्या आधाराने रिक्रिएशनल थेरपी, म्हणजे खेळ-करमणुकीतून उपचार, घ्यायची आणि वेदना, थकवा, झोप यांत काय फरक पडतो ते पाहायचं, हा बेत मला मनापासून आवडला. काही गोष्टी मात्र आत्ताच बदल.

पहिली म्हणजे मुदत. तू सहा आठवडे धरलेस. म्हणजे ४२ दिवस, २८ दिवसांच्या पाळीचं दीड चक्र. पहिलं मोजमाप पाळीच्या तोंडावर झालं तर शेवटचं चक्राच्या मध्यावर येईल. तोवर वेदना तशाही उतरलेल्या असतील आणि श्रेय फुगडीला जाईल. दहाजणींच्या गटात तिघींचं असं झालं तरी सरासरी हलते. कार्यक्रम आठ आठवड्यांचा कर आणि त्याआधी दोन पाळ्या, म्हणजे आणखी आठेक आठवडे, नुसती नोंद घे. प्रत्येकीच्या पाळीचा पहिला दिवस वहीत हवाच, कारण चक्र सगळ्यांचं २८ दिवसांचं नसतं. पाळी गेलेल्यांची नोंद वेगळी ठेव. पाळी चालू आहे म्हणून कुणाला मोजमापातून वगळू नकोस. काहींचा स्नायूंचा ताठरपणा नेमका त्याच दिवसांत वाढतो, आणि आपल्याला तेच समजून घ्यायचं आहे.

हे सोळा आठवडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत नीट बसतात. काम मेपर्यंत लांबलं तर उकाड्याचा थकवा आकड्यांत मिसळेल. पावसात रॅम्पवर शेवाळ धरतं. मधे पौषात गावोगाव धालो रंगतील. आपल्या गटातली कोण मांडावर (धालो खेळायच्या जागी) गेली आणि कोणाला कुणी नेलंच नाही, दोन्ही लिहून ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवसापासून गैरहजेरीची वही घाल. जी आली नाही तिला त्याच दिवशी फोन कर आणि कारण तिच्याच शब्दांत लिही: रिक्षा मिळाली नाही, सोबत यायला कुणी नव्हतं, पाळी आली, लघवीची सोय नाही, घरच्यांनी पाठवलं नाही. शेवटपर्यंत टिकतात त्या बहुधा कमी त्रासाच्या आणि घरचा पाठिंबा असलेल्या. निष्कर्ष फक्त त्यांच्यावर बेतलास तर ज्यांना गरज जास्त त्याच गळतील आणि कार्यक्रम आहे त्यापेक्षा गुणकारी दिसेल. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून पणजीला बोलावण्यापेक्षा तूच गावात जा. सभागृह ठरवण्याआधी तिथलं शौचालय व्हीलचेअर घेऊन स्वतः पाहा: दार उघडल्यावर खुर्ची आत वळते का, कडी आतून बसून लावता येते का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको.

बसून फुगडीचं सत्र ४५ मिनिटांचं ठेव. दहा मिनिटं खांदे आणि मनगटं मोकळी करायची, मग तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं विसावा. जोडी समोरासमोर बसवायची आणि दोन्ही व्हीलचेअरचे ब्रेक लावलेत ना हे हाताने तपासायचं. नुसतं विचारून भागत नाही; ओढाताणीत खुर्ची सरकते ती इथेच. पकड कमी असेल तर दोघींच्या हातात ओढणीची टोकं दे. पक्षाघातानंतर एक बाजू लुळी असलेल्या बाईचा तो हात कुणी ओढायचा नाही, खांदा निखळतो. श्रम मोजायला बोर्गची ० ते १० ची श्रेणी वापर, म्हणजे किती दमल्यासारखं वाटतं ते बाईनेच आकड्यात सांगायचं. मज्जारज्जूला वर इजा असेल तर नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे नाडीवरून श्रमाचा अंदाज चुकतो.

छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असलेल्या बाईचा नेहमीचा रक्तदाब आधी लिहून ठेव. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला आणि वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, तर ती ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेमुळे रक्तदाब एकाएकी धोकादायक चढणं, समजायची. आडवं करू नकोस. ताठ बसव, पाय खाली सोड, पट्टा-कपडे सैल कर, कॅथेटरच्या नळीला पीळ पडलाय का बघ. तुंबलेलं मूत्राशय हे सर्वांत नेहमीचं कारण, पण पाळीच्या कळाही पुरतात. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब घे. उतरत नसेल तर १०८.

संमतीबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे संशोधनासाठी सहभागी बाईला समजेल अशा माध्यमातून, तिने दबावाशिवाय आणि समजून दिलेली संमती लागते, आणि सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगीही. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. मजकूर मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखव आणि "मी काय विचारलं ते तुझ्या शब्दांत सांग" म्हण. आई मान हलवते, ती मुलीची संमती नव्हे. खुणांची भाषा लागत असेल तर दुभाषी घरातला नको. पाळी, संसार, गर्भधारणा यांबद्दल भावासमोर कोण बोलेल? सोबत कोणी बसायचं हे तिने ठरवावं.

प्रश्नावलीत "तुम्ही दिव्यांग आहात का" असं विचारू नकोस. पाहणं, ऐकणं, चालणं, आठवण-लक्ष, स्वतःची काळजी, संवाद यांत किती अडचण येते हे विचारणारे वॉशिंग्टन ग्रुपचे (दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न वापर. त्यांना तू तीन प्रश्न जोड: शेवटचं वजन कधी आणि कशावर केलं, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली का, आणि झाली तर टेबलावर घेतलं की खुर्चीतच उरकलं. व्हीलचेअरची बैठक साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर उंच असते आणि टेबल त्याहून बरंच वर, म्हणून अनेकींची तपासणी राहूनच जाते. मांड्या ताठरतात त्यांची तपासणी कुशीवर झोपवूनही करता येते. हे डॉक्टरांना सांगायची सवय गटातल्या बायकांना लाव.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा गैरहजेरीच्या वहीचे रकाने आखून सोबत जोड. मी आधी तेच पाहीन.

तुझी,
ताई