माझा मुलगा सिंह सोडून तरसच का होतो?

मुलाला ॲनिमेशनपटातला दुष्ट प्राणी आवडतो, खेळताना तो तोच होतो, मग स्वभावही तसाच होईल का? ही काळजी मनात घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यातल्याच एका आईचा हा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

तिचा सात वर्षांचा मुलगा ‘द लायन किंग’ पाहिल्यापासून तरस झाला होता. चार पायांवर फिरायचा, खिदळल्यासारखा आवाज काढायचा. सिंहाचा मुखवटा आणून दिला, तर त्याने तो बाजूला टाकला. “याला चांगलं-वाईट कळतच नाही का हो?” हे विचारताना तिला रडू आवरेना.

तिची भीती मला पोरकट वाटली नाही. १९९४ च्या त्या चित्रपटात सिंहांचं राज्य उजेडातलं, तर तरस हाडांनी भरलेल्या काळोख्या जागी राहणारे. कोणाच्या बाजूने असायचं हे मोठ्या माणसाला रंगांवरूनच कळतं. पण मूलही तेच पाहत असेल, हे आपण गृहीत धरतो.

मी मुलाला कागद-खडू दिले आणि म्हटलं, “तुझा तरस काढ बरं.” त्याने पानभर तरस काढले, एकमेकांना खेटून. सिंह कुठे आहे विचारल्यावर कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा. एकटाच असतो.”

आईशी बोलल्यावर कळलं, की नुकतीच त्याची शाळा बदलली होती आणि मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर कोणी नसायचं. दुष्टपणाचं त्याला काही आकर्षण नव्हतं, त्याला टोळी हवी होती.

आईला मी ‘का’ नावाच्या अजगराची गोष्ट सांगितली. किपलिंगच्या १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये तो मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवायला धावून जातो. १९६७ च्या डिस्नेपटात तोच अजगर मोगलीला संमोहित करून गिळायला बघतो. तरसाचंही तसंच. इथिओपियातल्या हरार शहरात लोक रात्री तरसांना मांस भरवतात आणि ते दुष्ट शक्तींना खाऊन टाकतात असं मानतात. प्राण्याला अर्थ माणसं देतात. मग मुलाने आपला वेगळा अर्थ दिला, तर आधी तो ऐकून घ्यायला हवा. तुझा तरस दिवसभर काय करतो, त्याच्यासोबत कोण असतं, तो कशाला घाबरतो, असं सहज विचारावं. “असला घाणेरडा प्राणी कशाला?” असं म्हटलं की मूल गप्प होतं, आणि आपल्या हाती काहीच लागत नाही.

पुढच्या भेटीआधी मायलेकांनी खऱ्या तरसांबद्दल वाचलं. ठिपकेदार तरसांच्या कळपात मादीचा मान मोठा असतो, ते स्वतः शिकार करतात, आणि कित्येकदा सिंहच ती हिसकावतात. मुलाला मात्र त्यांच्या हसण्याचं कुतूहल होतं. मी सांगितलं, की ते आनंदाचं हसू नसतं. भक्ष्यावरून झटापट झाली, दुसरा अंगावर आला, की असा आवाज निघतो. तो थोडा वेळ खडू फिरवत राहिला. मग म्हणाला, “मुलं चिडवतात ना, तेव्हा मी पण हसतो.”

घरी कोणालाच हे माहीत नव्हतं. आई वर्गशिक्षिकेला भेटली, चिडवणाऱ्यांशी बाईंनी बोलून घेतलं, आणि वर्गातल्या दोन मुलांना घरी खेळायला बोलावलं. त्यांनाही तरस व्हायचं होतं!

खेळातल्या गुरगुरण्याने घाबरून जाऊ नका. मात्र मूल खेळ संपल्यावरही भूमिकेतून बाहेर येत नसेल, भावंडांना किंवा खऱ्या प्राण्यांना मुद्दाम दुखवत असेल, किंवा “मी वाईटच आहे” असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर त्याला लवकर समुपदेशकाकडे घेऊन जा.