250 पौंड-मोल प्रति तास म्हणजे किती मोल प्रति सेकंद? मला 69.4 येतंय, पुस्तकात 31.5 आहे. कुठे चुकतंय?

तुम्ही पौंड-मोलला किलोमोल समजून हिशोब केलाय. 250 × 1000 ÷ 3600 केलं की बरोबर 69.4 येतं. तासाचे सेकंद करायला 3600 ने भागलंत ते ठीकच, गडबड त्या 1000 मध्ये आहे.

रेणुभार जितका, तितके ग्रॅम घेतले की एक मोल, तितके किलो घेतले की एक किलोमोल आणि तितके पौंड घेतले की एक पौंड-मोल. म्हणजे नायट्रोजनचे 28 ग्रॅम, 28 किलो आणि 28 पौंड. एका पौंडात 453.592 ग्रॅम असतात, म्हणून एका पौंड-मोलमध्ये 453.592 मोल. पदार्थ कुठलाही असो, हा आकडा बदलत नाही. रेणुभार दोन्हीकडून कटून जातो.

250 × 453.592 = 1,13,398 मोल/तास
1,13,398 ÷ 3600 = 31.5 मोल/सेकंद

किलोमोल/तास हवे असतील तर 3600 ला हातही लावू नका, पहिल्याच ओळीला 1000 ने भागा: 113.4.

आता 69.4 ला 31.5 ने भागून बघा. साधारण 2.2 येतात, आणि एका किलोत पौंडही तितकेच. उत्तर जुळलं नाही की मी आधी हा भागाकार करतो, सगळं गणित पुन्हा तपासत बसत नाही. 3.6 आले तर मोल/सेकंद आणि किलोमोल/तास यांची अदलाबदल झालीय (1 मोल/सेकंद = 3.6 किलोमोल/तास). 60 आले तर मिनिटांचा घोळ. नायट्रोजनच्या गणितात 28 आले तर कुठेतरी वस्तुमानाचा प्रवाह मोलचा म्हणून घेतला गेलाय.

खरी डोकेदुखी गुणोत्तर 1.05 किंवा 1.07 आलं की सुरू होते, कारण एवढा फरक लोक 'राउंडिंग असेल' म्हणून सोडून देतात. तो राउंडिंगचा नसतो. वायूचा प्रवाह बऱ्याचदा 'नॉर्मल घनमीटर/तास' किंवा 'स्टँडर्ड घनमीटर/तास' असा दिलेला असतो. दिसायला हे आकारमान, पण प्रत्यक्षात ती मोलचीच मोजणी आहे: ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला हा वायू किती जागा घेईल, एवढंच ते सांगतं. पाइपमधलं तापमान इथे घालायचं नाही. घोळ होतो तो 'ठरलेलं' म्हणजे नेमकं काय यात. दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअर धरला तर एका किलोमोलला 0 अंश सेल्सिअसला 22.414 घनमीटर लागतात, 15 अंशांना 23.645 आणि 20 अंशांना 24.055. तुमचाच प्रवाह 0 अंश धरून 2,542 घनमीटर/तास होतो आणि 15 अंश धरून 2,681. वायू तेवढाच. त्यातच आययूपीएसीने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) 1982 मध्ये प्रमाण दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअरवरून 1 बारवर आणला, त्यामुळे काही पुस्तकांत 22.414 ऐवजी 22.711 दिसतो. म्हणून डेटाशीटवर नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं असेल तर तापमान आणि दाब विचारून घ्या, अंदाजाने 22.4 घालू नका.

पुढेमागे नैसर्गिक वायूच्या गणितात 'एमएमएससीएफडी' (दिवसाला दहा लाख स्टँडर्ड घनफूट) भेटेल. तिथला एक 'एम' म्हणजे हजार, दोन 'एम' म्हणजे दहा लाख. एकट्या 'एम'ला मेगा समजलात तर थेट हजारपटीचा फरक पडेल. 60 अंश फॅरनहाइट आणि 14.696 पीएसआय (म्हणजे 1 अ‍ॅटमॉस्फिअर) दाबाला एका पौंड-मोलला सुमारे 379.5 घनफूट लागतात. म्हणजे 1 एमएमएससीएफडी = 10,00,000 ÷ 379.5 = 2,635 पौंड-मोल/दिवस. 24 ने भागून 109.8 पौंड-मोल/तास, आणि 0.4536 ने गुणून 49.8 किलोमोल/तास.