रिबिल्डिंग करणाऱ्या (नव्याने बांधणी चाललेल्या) टीमने तरुण सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच प्लेयर, ट्रेड करावा का? उदा. NBA या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या युटा जॅझचा वॉकर केसलर

नाही. बदल्यात कितीही पिक्स (ड्राफ्टमध्ये नवे प्लेयर निवडायचे हक्क) येऊ देत, नाही.

तुम्ही म्हणताय जॅझ अजून दोन-तीन वर्षं काही जिंकत नाहीत, तोवर केसलर महाग होईल, मग आत्ताच देऊन टाका. अगदी हेच मी नागपुरात आमच्या क्लबच्या सेक्रेटरींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितोय.

आमचे जुने प्लेयर एकदमच गेले, कोणी नोकरीला, कोणी इंजिनियरिंगला, उरला एक उंच पोट्टा. बाहेरून शॉट नाही, फ्री थ्रोची बोंब. पण तो रिंगखाली हात वर करून उभा राहिला की समोरचे गार्ड (बाहेरून बॉल घेऊन येणारे प्लेयर) लेअपला आत यायचेच नाहीत, दोन पावलं आधीच थांबून बॉल उंच फेकायचे आणि तो रिमला लागून बाहेर. स्कोअरशीटवर यातलं काहीच येत नाही, ब्लॉकसुद्धा नाही, कारण ब्लॉक करायची वेळच आली नाही. मी तेव्हा असिस्टंट कोच, मीटिंगमध्ये घसा फोडून सांगितलं की टीम याच्याभोवती बांधा, गार्ड दरवर्षी मिळतात. सेक्रेटरी म्हणाले, "हा तयार होईपर्यंत हरतच बसायचं का?" आणि दुसऱ्या क्लबशी बोलून त्याला तिकडे दिला, बदल्यात दोन शूटर. त्यातला एक बारावी झाल्यावर पुण्याला गेला, दुसऱ्याने खेळच सोडला. सेक्रेटरी अजूनही भेटले की म्हणतात शूटर चांगले होते. होतेच, पण मिस झालेला बॉल कोण उचलणार होतं?

बरं, केसलर. 2022 ला जॅझचा स्टार सेंटर रूडी गोबेअर मिनेसोटाला गेला त्या डीलमध्ये हा आला, पहिल्याच सीझनला ऑल-रूकी फर्स्ट टीम, म्हणजे नव्या प्लेयर्समधल्या टॉप पाचात. 2024-25 ला मॅचमागे 12 च्या वर रिबाउंड, 2.4 ब्लॉक, तेही 17 जिंकून 65 हरलेल्या टीममध्ये. लीगमधल्या त्या सगळ्यात खराब रेकॉर्डवर ड्राफ्टचा नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत मिळालं काय, तर पाचवा पिक! पिक्सचा भरवसा एवढाच असतो. उलट क्लीव्हलंड बघा, जानेवारी 2021 ला स्टार गार्ड जेम्स हार्डनच्या ट्रेडमध्ये ब्रुकलिन नेट्सकडून 22 वर्षांचा सेंटर जॅरेट ॲलन उचलला. त्या सीझनला फक्त 22 मॅच जिंकले, मग ड्राफ्टमध्ये इव्हान मोबली हा आणखी एक उंच प्लेयर आला तरी ॲलनला हलवला नाही, पाच वर्षांचे 10 कोटी डॉलर दिले, पुढच्या सीझनला 44 जिंकले आणि 2024-25 ला 64. आमचे सेक्रेटरी तिथे असते तर मोबली आला त्याच दिवशी ॲलन गेला असता.

आता खांद्याच्या ऑपरेशनमुळे केसलरचा 2025-26 चा सीझन वाया गेला हे खरं, मेडिकल रिपोर्टच खराब असेल किंवा तो मॅक्स (नियमात बसेल तेवढा जास्तीत जास्त पगार) मागून अडून बसला तर गोष्ट वेगळी. पण "टीम तयार झाली की सेंटर बघू" हे मला पटत नाही. आपण बीट झालो, म्हणजे समोरचा चुकवून आत गेला, तर मागे कोणीच नाही हे कळलं की तरुण गार्ड पुढे प्रेशर टाकणंच सोडतात, आमच्या पोरांचं तेच झालं, आणि ती सवय एकदा लागली की नंतर कितीही चांगला सेंटर आणा, लवकर सुटत नाही.