मुलगी बोटीवर गेली तर घर कोण बघणार?

ताई, स.न.वि.वि.

पत्र सविस्तर लिहिलंत, बरं झालं. मुलगी मालवणात अकरावी सायन्सला. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं झाली तेव्हा ती नववीत होती, आणि तेव्हापासून तिचा एकच हट्ट आहे, नौदलात अधिकारी व्हायचं. सासूबाई म्हणतात, ‘चेडवाक बोटीर धाडलास तर लगीन कसा होतला?’ मुलीचे बाबा मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. तुम्हाला विचारायचंय की चौदा वर्षांनी घरी पाठवतात हे खरं का, संसाराचं काय, आणि पुण्याच्या कोचिंग अकॅडमीची फी भरायला आंब्याच्या कलमांवर कर्ज काढायचं का.

सासूबाईंचा प्रश्न आधी घेते, कारण घरात अडलंय ते तिथेच.

लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १९८२ मध्ये लष्करात डॉक्टर म्हणून रुजू झाल्या, मुलांच्या किडनीविकारांच्या तज्ज्ञ झाल्या, पुढे त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता. उधमपूरला उत्तर कमांडच्या वैद्यकीय विभागाची जबाबदारी सांभाळली आणि २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. तिन्ही दलांत मिळून या दर्जाला पोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. निवृत्तीनंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. हे सगळं वाचायला भारी वाटतं, पण सासूबाईंना यातली दुसरीच गोष्ट सांगा: या दोघांची लग्नानंतरची कितीतरी वर्षं वेगवेगळ्या ठिकाणच्या पोस्टिंगवर गेली. संसार झाला, मुलं झाली, दोघंही वरच्या पदाला पोचले, पण एका छताखाली सलग राहणं त्यांच्या वाट्याला कमीच आलं. मुलीच्या पुढच्या तीस वर्षांचा अंदाज घ्यायचा तर पदकांपेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

आणि ताई, घरातलं एक माणूस कायम बाहेर असलेला संसार तुम्ही स्वतः करताच आहात. चाकरमान्यांच्या कोकणाला यात नवीन काय? मुंबईच्या गिरण्या होत्या तेव्हापासून इथली घरं अशीच चालली. बाहेर जाणारा पुरुष असायचा आणि सासूसासरे, पोरं, आंबा, कौलं हे सगळं बाई निभवायची, एवढंच. आता बाहेर जाणारी मुलगी असेल. म्हणून ‘लग्न कसं होणार’ यापेक्षा ‘बायको सहा महिने समुद्रावर असताना लेकराला भरवणारा जावई आहे का’ असं विचारावं. असे असतात. जोडीदार सैन्यदलातलाच असला तर एका ठिकाणी पोस्टिंग मागता येतं, मिळेलच असं नाही. महिला अधिकाऱ्याला १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा दोन मुलांपर्यंत मिळते, आणि पूर्ण सेवेत मिळून ३६० दिवस बालसंगोपन रजा. पण प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हे सासूबाईंना आजच सांगून टाका.

आता चौदा वर्षांची गोष्ट. तुम्ही ऐकलंत ते पूर्वी बहुतेक शाखांत खरं होतं. १९९२ पासून मुलींना वैद्यकीय सोडून इतर शाखांत घेऊ लागले, पण शॉर्ट सर्व्हिसवर: आधी ठरावीक वर्षं, मग वाढवून चौदा, मग निरोप. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण वीस वर्षं लागतात, म्हणजे ऐन चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनशिवाय नवीन नोकरी शोधायची. २०२० च्या फेब्रुवारीत लष्कराबद्दल आणि मार्चमध्ये नौदलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले आणि शॉर्ट सर्व्हिसमधल्या बायकांनाही कायम कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी, पात्र धरलं. त्याचं फळ बघा. प्रेरणा देवस्थळी २००९ मध्ये नौदलात गेल्या, आणि चौदा वर्षांनी, २०२३ मध्ये, आयएनएस त्रिंकटच्या कमांडिंग ऑफिसर झाल्या. युद्धनौकेची सूत्रं हाती आलेली पहिली महिला. ज्या वर्षी पूर्वी सामान बांधायला लागायचं, त्या वर्षी हातात जहाज.

तरीही शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना कायम कमिशन गुणवत्तेवर आणि जागांवर मिळतं, आपोआप नाही. म्हणून मुलगी कोणत्या दारातून आत जाते याला महत्त्व आहे. ती अजून अकरावीत आहे, म्हणजे कायम कमिशनची दोन्ही दारं तिला उघडी आहेत.

पहिलं एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीत असतानाच अर्ज करता येतो. लेखी ९०० गुणांची, त्यातले ३०० गणिताचे, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. मात्र एक कडू गोष्ट: अलीकडच्या जाहिरातींत नौदलाच्या ४२ जागांमध्ये मुलींसाठी जेमतेम पाच-सहा असतात, अख्ख्या देशातून. तेवढ्याच भरवशावर बसू नका.

दुसरं दार केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीचं, बारावीनंतर बी.टेक. प्रवेश. जेईई मेन्सच्या क्रमांकावरून मुलाखतीला बोलावतात. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून ७० टक्के आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५० हवेत. म्हणजे तिने जेईईचा अभ्यास मनापासून केला तर एनडीएचं गणितही बरंचसं त्यातच होतं, आणि दोन्ही हुकलं तरी इंजिनिअरिंग कुठे जात नाही. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसचं दार आहेच. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर लष्कराच्या शॉर्ट सर्व्हिसच्या एका प्रवेशाला लेखी परीक्षाही नसते.

दोन्ही वाटांवर एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, पाच दिवसांच्या मुलाखतीशी गाठ पडतेच. बरीच मुलं पहिल्याच दिवशी परत येतात. तिथे मालवणची म्हणून, पोहता येतं म्हणून कुणी गुण देत नाही (पुढे प्रशिक्षणात पोहणं कामी येईल, तो भाग वेगळा). गटात इंग्रजी किंवा हिंदीत चार वाक्यं न अडखळता बोलता येणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, अडलेल्या कामात पुढे होणं, हे बघतात. घरी आंब्याच्या सीझनला पेट्यांचा हिशोब, गडी, ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलणं हे तिच्याकडे सोपवा. कुठलीही अकॅडमी हे शिकवत नाही.

अकॅडमीसाठी कलमांवर कर्ज काढू नका. एनडीएत शिकवणं, राहणं, जेवण सरकार करतं; आधीच्या तयारीला लाख-दीड लाख घालण्यात अर्थ नाही. गणिताची चांगली शिकवणी मालवणात किंवा कुडाळला मिळेल, मागच्या वर्षांचे पेपर यूपीएससीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. (धाकट्या मुली असलेल्या वाचकांसाठी: राज्य सरकारने नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली आहे, प्रवेश दहावीनंतर असतो.)

पैसे घालायचेच तर या महिन्यात कणकवलीला किंवा सावंतवाडीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला न्या, आणि नंबराबरोबर रंग ओळखण्याची तपासणी मुद्दाम करून घ्या. रंगदृष्टीत दोष निघाला तर नौदलाची बरीच दारं बंद होतात, आणि हे दोन वर्षं अभ्यास करून झाल्यावर कळणाऱ्या मुली मी पाहिल्यात. रिपोर्ट आला की पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.