‘कमळ’ सुटतं, ‘पुस्तक’ अडतं

प्रश्न असा: साडेपाच वर्षांची मुलगी ‘कमळ’मधले आवाज क-म-ळ असे पटकन सांगते, पण ‘पुस्तक’ म्हटलं की कधी पुस्-तक, कधी पु-स्त-क. शिवाय ‘साप’ शब्द मोठा की ‘मुंगळा’, तर ठामपणे ‘साप’! तिचा कान कच्चा आहे का?

सापाचं आधी. या वयात शब्द आणि वस्तू एकमेकांपासून पुरते सुटलेले नसतात. साप मोठा, म्हणून त्याचा शब्दही मोठा. चिंता नको.

‘पुस्तक’ जास्त रंगतदार आहे. बोलताना आपण पुस्-तक असेच दोन तुकडे पाडतो. पु-स्त-क ही लिपीची फोड. मुलगी एकदा कानाचं ऐकते, एकदा पाटीचं. आणि गंमत म्हणजे ‘कमळ’सुद्धा उच्चारात क-मळ असंच आहे, शेवटच्या ळ मधला अ आपण म्हणतच नाही. म्हणजे जिथे तिचं उत्तर बिनचूक वाटलं, तिथे ती ऐकत नव्हती, मनातलं अक्षर वाचत होती!

अक्षराच्या आतला सुटा व्यंजन-आवाज ओळखणं ही आणखी पुढची पायरी, आणि ती बरीचशी वाचनातून येते. पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन काढायला किंवा जोडायला सांगितलं, तर बहुतेकांना जमेना. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र जमलं. हा 1979 सालचा गाजलेला प्रयोग. आपल्याकडची पोरं हेच काम ‘च’च्या भाषेत हसतखेळत करतात: ‘तुझं नाव काय’चं ‘चुझंत चावन चायक’. यात त् गेला, उकार जागेवर राहिला. बाराखडीच्या घोकंपट्टीला मी एरवी नावं ठेवतो, पण का-कि-की म्हणताना क् तोच राहतो हे कानावर पडतं, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. ‘च’च्या भाषेत ‘स्वाती’ आली की पोरं अडखळतात: नुसता स् हलवायचा की अख्खा स्व्? ‘आई’त तर हलवायला व्यंजनच नाही.

तेव्हा मुलीला आधी ‘साप’, ‘शाल’, ‘माळ’ विचारा. स्, श्, म् लांबवून म्हणता येतात. ‘काप’मधला क् लांबवता येत नाही. मग पान-कान-मान अशी यमकं घ्या, फरक एकाच आवाजाचा असल्यामुळे तो आपोआप उठून दिसतो. जोडाक्षरं त्यानंतर. ‘ज्ञान’ मात्र राहू द्या; त्यात द् आहे की ग् यावर मोठ्यांचीच भांडणं होतात.